अंगणवाडी आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी विदुषी नाही. वक्तृत्व तर माझ्या वाट्याला कधीच आले नाही. सरकारच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून १९८४ पासून २०१६ पर्यंत, प्रथम डहाणू तालुक्यातील पाड्यांवर आणि पुढे शहरातील वस्त्यांत फिरण्यात माझे आयुष्य गेले. तराजू, वजनाचा तक्ता आणि हजेरीची वही एवढीच माझी साधनसामग्री. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला आणि विषयही सुचवला : 'बालसंगोपन'. बाळाला न्हाऊमाखू कसे घालावे, दात येताना काय करावे, अशा स्वरूपाचे काही मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती मी पुरी करणार नाही, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. तसल्या गोष्टी आपल्या घरांतील आजींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे धैर्य मला सरकारी नोकरीतही झाले नाही.

मला बोलावयाचे आहे ते गरीब घरातील सहा वर्षांच्या आतील मुलांविषयी. त्यांच्यासाठी समाजाने व सरकारने काय केले, काय करावयाचे राहिले, आणि त्यात आपल्या संस्थेचा काही संबंध येतो किंवा नाही, याविषयी. संबंध येतो असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

'अंगणवाडी' हा शब्द आज इतका रुळला आहे की तो सरकारी कचेरीत जन्मला असावा असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याचा जन्म आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी झाला. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली होती. माँटेसोरी पद्धतीचे बालशिक्षण त्या काळी शहरांतील सुखवस्तू घरांपुरतेच होते. साधने महाग, शिक्षिका दुर्मिळ. हे शिक्षण खेड्यातील दरिद्री मुलापर्यंत कसे न्यावे, या एका प्रश्नासाठी ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सहकारी. तेथे त्यांच्या ध्यानात आले की बालवाडी उघडून मुलांची वाट पाहत बसले, तर ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येतच नाहीत. आई मजुरीस गेलेली, अंगावर कपडा नाही, धाकटे भावंड कडेवर. मग वाडीच मुलांच्या अंगणात नेली. हरिजनवाड्यातील एखाद्या घरापुढचे अंगण सारवून तेथेच गाणी, गोष्टी, आंघोळ, वेणीफणी. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात जाई, ती 'कुरणशाळा'.

मी प्रथम कोसबाडला गेले तेव्हा ताराबाई हयात नव्हत्या; १९७३ मध्ये त्यांचे देहावसान झाले होते. पण तेथील मांडणीवर शिंपले, बिया, चिंचोके, खडे, वाळलेली पाने अशी साधने रचून ठेवलेली पाहिली आणि परदेशी लाकडी साधनांचे काम ती किती सहज करतात हे पाहून मी थक्क झाले. पैसा नाही म्हणून काम अडले, असे म्हणण्याची सोय त्या बाईंनी आम्हां मागून आलेल्यांसाठी ठेवली नाही.

आता राज्याच्या धोरणाविषयी. आपल्या घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात मुळात असे म्हटले होते की, घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. यात खालची मर्यादा कोठे आहे? नाहीच. म्हणजे घटनाकारांनी दोन-तीन वर्षांच्या मुलालाही वगळले नव्हते. परंतु व्यवहारात 'शिक्षण' म्हणजे पहिली इयत्ता, असा अर्थ आपण सर्वांनी संगनमताने करून घेतला. पुढे २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. आणि सहाच्या आतील मुलाच्या संगोपनाविषयी व शिक्षणाविषयी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच नव्या ४५ व्या अनुच्छेदात उरले. मोठ्या भावाला हक्क मिळाला, धाकट्याला आश्वासन. घरात जे घडते तेच घटनेत घडले, असे मी विनोदाने म्हणत असे. पण त्यात विनोद थोडा आहे.

तरीही धाकट्यासाठी काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि त्याच्या पाठोपाठ २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिचे केंद्र म्हणून जी जागा ठरली तिला नाव दिले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा एकाच छपराखाली द्यावयाच्या, ही मूळ कल्पना. ती उत्तम होती आणि आजही उत्तम आहे. कारण मूल तुकड्यातुकड्यांनी वाढत नाही. ज्याला वारंवार हगवण लागते त्याच्या पोटात घातलेला घास त्याच्या अंगी लागत नाही. आणि ज्याच्या अंगी घास लागत नाही त्याला लगेच दुसरे दुखणे गाठते. या फेऱ्यात सापडलेल्या मुलाला केवळ खिचडी देऊन भागत नाही, केवळ लस टोचूनही भागत नाही.

येथे थोडे शास्त्र सांगते, कारण पुढील सर्व बोलणे त्यावर उभे आहे. चांगले पोसलेले मूल जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट साधारण पाचव्या महिन्यात आणि तिप्पट वर्षाच्या अखेरीस होते. जन्मवेळी वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते मूल शर्यत मागूनच सुरू करते. मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत जितक्या झपाट्याने होते तितकी पुन्हा आयुष्यात कधीच होत नाही. म्हणून गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे जे सुमारे एक हजार दिवस, त्यांत जे चुकते ते पुढे भरून काढणे दुष्कर असते. वयाच्या मानाने उंची कमी राहणे, ज्याला खुजेपणा म्हणतात, तो बहुतांशी याच दिवसांतला. खुजे मूल आजारी दिसत नाही. ते हसते, धावते. आई म्हणते, 'आमच्यात सगळेच बुटके.' आणि आपणही ते मान्य करतो.

आपल्या रूढी या बाबतीत सरसकट वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. आपण उष्टावण करतो ते साधारण सहाव्या महिन्यात. आजचे आरोग्यशास्त्रही सांगते की सहा महिने केवळ अंगावरचे दूध, पाण्याचा थेंबही नको, आणि त्यानंतर वरचा आहार. आपले पूर्वज येथवर बरोबर होते. चूक होते ती उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी. मुहूर्त गाठला, चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, फोटो काढला, आणि मग बाळाच्या ताटात येते वरणाचे पाणी. बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते पाण्याने भरले तर त्यात अन्न कोठे मावणार? घट्ट वरण, मऊ भात, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, आणि दिवसातून चार-पाच वेळा. एवढेच ते गुपित आहे. परंतु 'चार-पाच वेळा' म्हणताना कोणीतरी घरी असावे लागते, हे आम्ही व्याख्यान देणाऱ्या बायका विसरत असू. आई सकाळी सातला बाहेर पडते, सायंकाळी येते. मधल्या वेळी आठ वर्षांची बहीण चहात बिस्किट बुडवून बाळाला भरवते. या घरात अज्ञान नाही, मनुष्यबळ नाही.

आणि येथेच आमच्या योजनेचे मोठे वैगुण्य होते. अंगणवाडीत प्रत्यक्ष येऊन बसणारे मूल तीन वर्षांचे. त्याला सकाळचा नाश्ता, दुपारचा ताजा आहार, गाणी. दोन वर्षांच्या आतले मूल घरी. त्याच्यासाठी महिन्याचे पाकीट. म्हणजे जेव्हा नुकसान होत असते तेव्हा आम्ही दारात उभ्या, आणि नुकसान होऊन गेल्यावर मूल आमच्या मांडीवर. २००५ साली आपल्या राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले आणि औरंगाबाद येथून त्याचे काम सुरू झाले, तेव्हा प्रथमच या दोन वर्षांच्या आतील मुलाकडे सगळ्या यंत्रणेचे तोंड वळवले गेले. रिक्त जागा भरणे, प्रत्येक मुलाचे वजन खरोखर करणे (हा 'खरोखर' शब्द आमच्या खात्यात फार महत्त्वाचा), आरोग्य खाते व बालविकास खाते यांना एका चटईवर बसवणे, अशी ती साधी कामे होती. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील शंभर मुलांपैकी छत्तिसाहून अधिक खुजी होती. २०१२ च्या पाहणीत ते प्रमाण चोविसाच्या आसपास आले. सहा-सात वर्षांत एवढी घट होऊ शकते हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून 'हे व्हायचेच' असे कोणी म्हटले की मला राग येतो.

पुढे मात्र गाडी थांबली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ वर आले, आणि २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के निघाले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षय तर ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. देशातील श्रीमंत राज्यांत आपली गणना होते. मेळघाट आणि नंदुरबार ही नावे वर्तमानपत्रांत येतात म्हणून हा प्रश्न तेवढ्याच डोंगरांत आहे असे आपण समजतो. पण तीन मुलांत एक, हे प्रमाण केवळ डोंगरांतील मुलांनी भरून निघत नाही. ती मुले आपल्या आसपास आहेत. काही या सभागृहात बसली आहेत.

न्यायालयाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. २००१ मध्ये राजस्थानात उपासमार होत असताना सरकारी गुदामे धान्याने ओसंडत होती. त्यातून सर्वोच्च न्यायालयात अन्नहक्काचा दावा उभा राहिला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचा आदेश दिला. आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडे देऊ नये, असे २००४ मध्ये सांगितले. १३ डिसेंबर २००६ रोजी तर, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा आहार हा कायद्याचा हक्क ठरला. अर्थात आज अंगणवाडीत मिळणारा घास हा दानधर्म नव्हे. तो मुलाचा आहे. हे आपण ध्यानी घ्यावे, कारण आपल्यातील पुष्कळ गरजू कुटुंबे केवळ 'लोक काय म्हणतील' या भयाने आपल्या मुलाला तेथे पाठवीत नाहीत. रेशनच्या दुकानात आपण पिशवी पदराखाली झाकून नेत असू, तो काळ मी पाहिला आहे; अंगणवाडीविषयी अद्याप तसेच चालू आहे. उसने पैसे काढून इंग्रजी नावाच्या नर्सरीत मूल घालावयाचे, तेथे त्याने डब्यातील वेफर खावयाचे आणि इंग्रजीतील रंगांची नावे घोकावयाची. पण शेजारच्या अंगणवाडीत गरम उसळ-भात आहे तेथे जावयाचे नाही! सुखवस्तूंनी पाठ फिरवली की संस्था ओस पडतात आणि मग त्या वाईट आहेत असे म्हणण्यास आपण मोकळे होतो.

जेथे माणसे विचार करून धोरण आखतात तेथे काय होते याची दोन उदाहरणे सांगते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले : ऊब, स्तनपान, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे व वेळीच औषध देणे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून ही पद्धत देशभरच्या 'आशा' कार्यकर्तींच्या कामात आली. बाळ दवाखान्यात जन्मले तरी पहिल्या बेचाळीस दिवसांत आशा सहा वेळा घरी येते. तुमच्या सुनेकडे ती आली तर तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नका. दुसरे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचे. २०१५ मध्ये आपल्या राज्याने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण अंगणवाडीत सुरू केले. नंतर मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळी. डोहाळजेवण म्हणजे दुसरे काय? आपण ते एक दिवस करतो. येथे ते गरोदरपणी व बाळंतपणानंतरही काही महिने करण्याची योजना केली.

याच आदिवासी तालुक्यांत आणखी एक लहानशी तरतूद आहे, जिचे नाव फार बोलके आहे : बुडीत मजुरी. अतितीव्र कुपोषित मुलाला दवाखान्यात ठेवावयाचे तर आईला त्याच्यापाशी राहावे लागते. तिचा रोज बुडतो. रोज बुडाला की घरची चूल अडते. म्हणून आई मुलाला घेऊन तिसऱ्या दिवशी पळून जाते आणि डॉक्टर तिला निष्काळजी म्हणतात. तो बुडालेला रोज सरकारने द्यावा, अशी ही तरतूद. ज्या कोणा अधिकाऱ्याला हे प्रथम सुचले त्याला मी मनोमन नमस्कार करते. शहरातील वस्त्यांत मी काम करीत होते तेथे ही तरतूद नव्हती.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभी आहे तिच्याकडे येते. ती सांगण्यास मला सोपी नाही.

२००९ सालची हकीकत आहे. माझ्या कार्यक्षेत्रातील एका वस्तीत चौदा महिन्यांची एक मुलगी होती. वजन ६ किलो २०० ग्रॅम. दंडाभोवती पट्टी गुंडाळली तर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल रंगात. हे कुटुंब आपल्या ज्ञातीचे. वडील एका दुकानात हिशेब लिहीत. दुकान बंद पडले होते. आई सहा घरी पोळ्या करी. सेविकेने मुलीची चिठ्ठी केली, मी तीवर सही केली : मोठ्या रुग्णालयात चौदा दिवस ठेवावे. माझ्या मासिक अहवालात 'संदर्भ सेवा दिली' या रकान्यात एकाची भर पडली. खात्याच्या दृष्टीने काम झाले.

आई गेली नाही. चौदा दिवस पोळ्या सोडल्या तर सहाही घरे दुसरी बाई बघणार, हे तिला पक्के ठाऊक होते. तिच्या भावाने आपल्या संस्थेच्या साहाय्य निधीकडे अर्ज केला. मागितले होते ते तिच्या दोन आठवड्यांच्या कमाईइतके. त्या वर्षी निधी समितीवर मी होते. अर्ज वाचला गेला. आपल्या नियमांप्रमाणे शिक्षणासाठीची मदत पाचव्या इयत्तेपासून पुढे, आणि वैद्यकीय मदत रुग्णालयाच्या बिलापुरती. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत होते, म्हणून बिल नव्हते. बिल नव्हते, म्हणून मदत नव्हती. अर्ज नियमात बसत नाही असा शेरा पडला. त्या शेऱ्याखाली पाच सह्या आहेत आणि तिसरी माझी आहे. मुलगी कोण हे मला ठाऊक होते. मी बोलले असते तर कदाचित पाचही जणांनी ऐकले असते. पण नियमाविरुद्ध बोलण्याची सवय नोकरीने मोडली होती, आणि नात्यातल्या माणसांसाठी शब्द टाकला असे कोणी म्हणेल याची भीतीही होती.

पुढे दीड महिन्याने ती मुलगी न्यूमोनियाने रुग्णालयात गेलीच. तेव्हा आईला सहाही घरे सोडावी लागली. मुलगी वाचली. चालू लागली ती पावणेदोन वर्षांची झाल्यावर. २०२४ मध्ये ती दहावीला बसली आणि दोन विषयांत राहिली. त्याच वर्षी याच व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, रोख पारितोषिक. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या चौदा दिवसांमुळेच ती मागे राहिली असे मी म्हणत नाही. तसे कोणालाच सांगता येणार नाही. मुलीच्या आईची परवानगी घेऊन मी ही हकीकत येथे सांगत आहे. तिने एवढेच म्हटले की नाव घेऊ नका, तिचे अजून लग्न व्हायचे आहे.

आपल्या संस्थेचा गेल्या दहा वर्षांचा जमाखर्च मी कार्यवाहांकडून मागून वाचला. वसतिगृह आहे, शिष्यवृत्त्या आहेत, पाठ्यपुस्तके आहेत, वधूवर मेळावा आहे. सहा वर्षांच्या आतील मुलासाठी एका रुपयाचाही खर्च कोठे नाही. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. ज्या पिढीने ही संस्था काढली तिला शिक्षणाची भूक होती, आणि शिक्षण म्हणजे वसतिगृह व पुस्तके हे त्या काळी खरेच होते. परंतु आज आपण ज्याला बुद्धिमत्ता म्हणून हार घालतो, तिचा पाया घातला गेला की नाही हे पाहण्यास आपण पंधरा वर्षे उशिरा पोचतो.

'हे सरकारचे काम आहे,' असे मला दोघा-तिघांनी खासगीत सांगितले. आहेच. अन्न, लस, सेविका हे सरकारनेच द्यावयाचे, आणि ते कमी पडले तर मागणी करण्याचा आपणांस अधिकार आहे. सेविकेचेच पाहा. १९७५ मध्ये मॅट्रिक झालेल्या सेविकेचे मानधन महिना १५० रुपये होते आणि न झालेलीचे १००. त्यानंतर ते वाढत गेले, पण शब्द 'मानधन' तोच राहिला, पगार झाला नाही. तिला व मदतनिसाला उपदान मिळण्याचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. दरम्यान नोंदीसाठी भ्रमणध्वनी आला, त्यातील पोषणाची नोंद इंग्रजीत. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मला त्यांचे कौतुक वाटले. ज्या बाईने शंभर मुलांची वजने पाठ केलेली असतात तिला यंत्र शिकता येत नाही असे नव्हे. तिचा अर्धा दिवस मुलांकडून काढून यंत्राला द्यावा लागतो, ही तिची तक्रार होती.

पण जागा? आपल्या कार्यालयाच्या मागील वस्तीतील अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. नळ बाहेर, खिडकी एक. पावसाळ्यात वजनाचा काटा आढ्याला टांगता येत नाही, कारण आढे गळते. आणि आपल्या कार्यालयात भोजनशाळेलगत एक प्रशस्त खोली आहे. तीत मोडक्या खुर्च्या आहेत आणि गेल्या वीस वर्षांच्या न खपलेल्या स्मरणिकांचे गठ्ठे आहेत. (यंदाची स्मरणिका सर्वांनी आठवणीने न्यावी, ही कार्यवाहांची विनंती मी या निमित्ताने आपणांपर्यंत पोचवते.)

ही खोली अंगणवाडीस द्यावी असे मी कार्यकारी मंडळास सुचवले, तेव्हा मुख्य आक्षेप निघाला तो हा, की तेथे सर्व ज्ञातींची मुले येतील. होय, येतील. सरकारी अंगणवाडी एका ज्ञातीपुरती असूच शकत नाही, आणि असावी असे मला वाटतही नाही. त्या वस्तीतील नोंदलेल्या मुलांत आपली मुले आहेत. पण अधिक इतरांची आहेत. ताराबाईंनी ज्या अंगणात ही वाडी प्रथम मांडली ते कोणाचे होते हे मी आरंभी सांगितलेच. आपल्या मुलाला त्या पंगतीत बसवावयाचे नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे. फरशी खराब होईल, भिंती रंगतील, ही कारणे सांगू नयेत. लग्नाच्या पंगतींनी फरशी याहून अधिक खराब होते.

अध्यक्षमहाराज, सर्वसाधारण सभेपुढे आज दुपारी माझे दोन ठराव आहेत. पहिला, साहाय्य निधीच्या नियमांत एक कलम घालावे : सहा वर्षांच्या आतील मुलाला सरकारी दवाखान्याने भरती करण्यास सांगितले असेल, तर आईचा वा बापाचा बुडालेला रोज निधीतून द्यावा, त्यास बिलाची अट नसावी, सेविकेची किंवा डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी मानावी, आणि निर्णय मासिक सभेची वाट न पाहता दोन दिवसांत व्हावा. दुसरा, ती खोली सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात विनाभाडे अंगणवाडीस द्यावी. लग्नाच्या तिथींना मुले मागील दाराने येतील. मी प्रकल्प कार्यालयाशी बोलले आहे. खुर्च्या हलवण्याची मजुरी मी देईन. गठ्ठ्यांचे काय करावयाचे ते मंडळाने ठरवावे.

दुसरा ठराव मागील वर्षी पुढे ढकलला गेला होता, हे आपणांस स्मरत असेल. ज्यांचा त्याला विरोध आहे त्यांनी सभेनंतर मला गाठून सांगू नये. सभेत उभे राहून सांगावे, म्हणजे इतिवृत्तात येईल.